विषय सातवा : बाळझोका

मॅरोफर्डच्या मैदानावरचा बाळझोका मार्चमध्ये काढला, आणि टॅम्सिन हॉकिनच्या दिवसाला बूडच राहिलं नाही.

मैदानाची तपासणी दरवर्षी होते. हिरवं जाकीट घातलेला माणूस येतो, घसरगुंडीवर हातोडीनं टकटक करतो, सी-सॉवर स्वतः बसून बघतो आणि जातो. यंदा तो झोक्यापाशी जरा जास्तच रेंगाळला. साखळीची कडी झिजली आहे म्हणाला. पाय घालायला दोन भोकं असलेली ती काळी रबरी बैठक त्यानं खाली उतरवली, गावच्या हॉलच्या कपाटात नाताळच्या दिव्यांच्या माळांशेजारी ठेवून दिली आणि पुढच्या गावाला निघून गेला. मोठ्या मुलांचे फळीचे झोके तेवढे राहिले.

नेल तेव्हा नुकती चालायला लागली होती. फळीवर बसवली की मागच्या मागे कलंडायची. पण बाळझोक्यात एकदा अडकवली की बाईसाहेबांचा थाट बघावा. एक हात साखळीला, दुसऱ्या हातानं येणाऱ्याजाणाऱ्याला टाटा. टॅम्सिनचा नवरा कॅलम दुधाचा टँकर घेऊन पहाटेच जाई, तो थेट दुपारी येई. बस आठवड्यातून दोनदा. या गावात येऊन टॅम्सिनला वर्ष झालं होतं, आणि तिच्याशी कोणी चार शब्द बोललं असेल, तर ते त्या झोक्यापाशी. नेल हसायची म्हणून माणसं थांबायची, आणि थांबली की हवापाण्यावर का होईना, बोलायची.

म्हणून मे महिन्यात पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावपंचायतीची, वार्षिक सभा भरली, तेव्हा ती नेलला कडेवर घेऊन हॉलच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. गावकऱ्यांपैकी आलेली ती एकटीच. त्यामुळे सगळे तिच्याकडे, चोर पकडल्यासारखे पण मोठ्या आनंदानं, बघत होते.

कौन्सिल म्हणजे तशी पाच खुर्च्यांची. एक खुर्ची कैक वर्षं रिकामी. अध्यक्षबाई मिसेस लव्हरिंग; रुंद, लालबुंद, शेळ्या पाळणाऱ्या. चिटणीस मिस्टर पॅसमोर. बारीक, सुतासारखे सरळ, त्यांना मत नव्हतं पण नियम तोंडपाठ होते. मग जेम टकर, मेंढ्यांचा शेतकरी, जो सभेत डोळे मिटून ऐकायचा. आणि मिस्टर गर्नी. त्यांचं घर मैदानाला लागून, भिंतीला भिंत. ते पूर्वी रेल्वेत सिग्नलवर होते आणि लाल दिवा दाखवायची सवय त्यांची अजून गेली नव्हती.

आधी अध्यक्षाची निवड झाली. "छे छे, यंदा मला नकोच," मिसेस लव्हरिंग अध्यक्षांच्या खुर्चीत नीट सावरून बसत म्हणाल्या. "दुसऱ्या कोणीतरी घ्या बाई." दुसरं कोणी घेत नाही हे पाहून त्यांनी सुस्कारा सोडला आणि लगेच घंटी वाजवली. मग गवत कापायचं झालं. ओढ्याकडच्या पायवाटेचं मोडकं फाटक झालं. कुत्र्यांची घाण हा विषय झाला नाही, तो कधीच होत नाही. तो फक्त सुरू राहतो.

"विषय सातवा," मिसेस लव्हरिंग म्हणाल्या. "बाळझोका. साखळी तेवढी बदलायची आहे ना? जेम, तुझ्याकडे शिडी आहे."

"तासाभराचं काम," जेम डोळे न उघडता म्हणाला.

"थांबा," मिस्टर पॅसमोर म्हणाले.

ते गेल्याच आठवड्यात जिल्ह्याच्या गावी एका दिवसाच्या शिबिराला जाऊन आले होते. सँडविच बरी होती आणि विषय होता 'हितसंबंध'. तेव्हापासून त्यांना सगळीकडे हितसंबंधच दिसत होते. "ज्या सभासदाचा विषयात हितसंबंध असेल," त्यांनी घसा साफ केला, "त्यानं तो जाहीर करावा आणि तेवढ्यापुरतं खोलीबाहेर जावं."

मिस्टर गर्नी सावकाश उभे राहिले. "माझा आहे."

"तुमचा? तुम्ही काय झोक्यात बसता?"

"मी झोपतो, मॅडम. म्हणजे झोपलो असतो. माझ्या खिडकीपासून तो झोका हाकेवर आहे. ऐन झोपेत कुईं-कुईं, कुईं-कुईं. वर्षभर सहन केलं. माझा हितसंबंध झोपेचा आहे." एवढं बोलून त्यांनी टेबलावरचा बिस्किटांचा डबा काखेत मारला आणि ते स्वयंपाकघरात निघून गेले.

दार लागलं. मिस्टर पॅसमोरनी स्वतःला सोडून उरलेली डोकी मोजली. मोजायला वेळ लागला नाही. "दोन," ते म्हणाले. "कोरम तिनाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे सभाच नाही, बाई. विषय पुढे."

"अहो, पण ते मुद्दाम गेले!"

"कसं का असेना, गेले."

मिसेस लव्हरिंगनी स्वयंपाकघराच्या दारावर थाप मारली. "या आता बाहेर! ढकलला तुमचा विषय!" मिस्टर गर्नी मिशीतले बिस्किटाचे कण झटकत आले आणि विषय आठव्याला अगदी ताजेतवाने होऊन बसले.

निघताना जेम टकर टॅम्सिनपाशी थांबला. नेलच्या गालाला त्यानं एक जाडजूड बोट लावलं. "घाई करा हं बाई," तो म्हणाला. "पिल्लं वाढतात."

ते टॅम्सिनला ठाऊकच होतं. नेलचे मोजे महिन्याला आखूड होत होते. मुलगी झोक्यात मावतेय तोवर झोका परत यायला हवा, नाहीतर त्याचा उपयोग काय?

कोरमला एक माणूस कमी पडतो ना? मग ती रिकामी खुर्ची कोणीतरी घ्यावी. ती दारोदार हिंडली. पबवाल्यानं तिला बघून तळघरात जाऊन पिंपं हलवायला घेतली. पोस्टातल्या बाईनं "माझे गुडघे," एवढंच म्हणून खिडकी ओढली. खुर्ची आणि गुडघे यांचं काय वैर, ते कळलं नाही. शेवटी जूनमध्ये मिसेस लव्हरिंग तिला फाटकापाशी भेटल्या आणि त्यांनी तिचा दंडच धरला.

"तूच ये ना, पोरी!"

"मी? मला काही कळत नाही त्यातलं."

"आम्हाला तरी कुठे कळतं! पॅसमोरांना कळतं, म्हणून तर सगळं अडतं."

अशी टॅम्सिन सभासद झाली. संध्याकाळी सातला सभा, आणि कॅलम त्या वेळी डेअरीवर दुसरी फेरी मारायचा, म्हणून नेलही यायची. कागदोपत्री नाही, पण तिला धरून कौन्सिल आता सहाजणांची झाली असं जेम म्हणाला. पहिल्या सभेत टॅम्सिननं ठेवणीतला ब्लाउज घातला होता. गवताला तिनं अनुमोदन दिलं. पायवाटेच्या फाटकाला दिलं. खांबांना टांगायच्या फुलांच्या टोपल्यांना दिलं, कारण जुलैत सुंदर गावाची स्पर्धा असते आणि शेजारचं अपर मॅरोफर्ड दरवर्षी ढाल घेऊन जातं. मग विषय सातवा आला. मिस्टर गर्नी सवयीप्रमाणे उठले, डबा काखेत मारला, आणि दारापाशी वळून अगदी नम्रपणे म्हणाले, "एक शंका. सभासद हॉकिनबाईंची मुलगी कुठल्या झोक्यात बसते म्हणे?"

सगळे टॅम्सिनकडे बघायला लागले. थाप मारायची तर कडेवर पुरावा होता.

"याच," ती म्हणाली.

मिस्टर पॅसमोरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना मनापासून वाईट वाटलं, ते दिसत होतं. "हॉकिनबाई," ते हळूच म्हणाले, "तुमचाही आहे हो."

"काय?"

"हितसंबंध."

आणि जी बाई झोक्यासाठी कौन्सिलात आली होती, तीच झोक्याच्या वेळी कौन्सिलाबाहेर गेली. मागे राहिले दोन. कोरम तिनाचा.

स्वयंपाकघर एवढंसंच. एक गॅस, एक सिंक, दोन स्टुलं. मिस्टर गर्नी एका स्टुलावर, टॅम्सिन दुसऱ्यावर. ती रागानं लाल झाली होती. नेल खाली बसून डब्याकडे टक लावून बघत होती.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"नियमानं केलं."

"एका साखळीसाठी!"

"झोपेसाठी, बाई. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं?" टॅम्सिन हसली ती रडल्यासारखी. "मी या पोरीच्या जन्मापासून झोपलेले नाही, मिस्टर गर्नी."

मिस्टर गर्नींनी डबा उघडला आणि खाली वाकून, आवाज न करता, नेलपुढे धरला. नेलनं सगळ्यांत मोठं निवडलं.

ऑगस्टला कौन्सिल भरत नाही. सप्टेंबरात कुंपणं छाटायचं आलं आणि पुन्हा सातवा विषय आला. दोघं उठले. एव्हाना नेललाही कळलं होतं; 'विषय सातवा' हे शब्द ऐकले की ती स्वतःच स्वयंपाकघराच्या दाराकडे पळायची. मिस्टर पॅसमोर गप्प बसले नव्हते. टॅम्सिनला सूट मिळावी म्हणून त्यांनी जिल्ह्याला विचारलं होतं. ऑक्टोबरात उत्तर आलं: सूट जरूर देता येईल, ती देण्याचा अधिकार आपल्याच कौन्सिलला आहे, मात्र कोरम हवा. मिसेस लव्हरिंगनी ते दोनदा वाचलं आणि आपल्या शेळ्या यापेक्षा सरळ वागतात, असं सभेच्या नोंदीत घालायला सांगितलं. मिस्टर पॅसमोरनी नाही घातलं.

"विषय काढूनच टाका ना," जेम एकदा म्हणाला. "मी जाऊन लावतो साखळी. कोणाला कळणार?"

"मला कळेल," मिस्टर पॅसमोर म्हणाले, आणि तो मार्ग बंद झाला.

नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मारकाला लाल कागदी पॉपीफुलांचं चक्र वाहायचं होतं. त्यावर बराच वेळ गेला, कारण गेल्या वर्षी ते वाऱ्यानं उडून तळ्यात पडलं होतं आणि बदकांनी त्याचा ताबा घेतला होता. बाहेर अंधार, धुकं. सातव्या विषयाला टॅम्सिन उठली तेव्हा तिचे पाय जड झाले होते. नेल दातांमुळे चार रात्री झोपली नव्हती. स्वयंपाकघरात मिस्टर गर्नींनी न विचारता किटली ठेवली.

"दूध आधी की मागून?"

"कसंही. ओता नुसतं."

ती चहाच्या वाफेवर डोळे मिटून बसली. "झोका होता तेव्हा बरं होतं," ती म्हणाली, त्यांना नव्हे, कपालाच. "ही पहाटे साडेपाचला उठायची. कॅलम गेलेला. घरात मला भिंती खायला यायच्या. मग हिला ब्लँकेटात गुंडाळून झोक्यात टाकायची. ती झोक्यात झोपायची आणि मी खांबाला टेकून. तेवढीच माझी झोप."

तिनं डोळे उघडले तर मिस्टर गर्नी हातात दुधाची बाटली धरून तसेच उभे.

"पहाटे," ते म्हणाले.

"हो."

"वर्षभर."

मग टॅम्सिनच्या डोक्यात उजेड पडला आणि तिचा कप बशीवर वाजला. "अरे देवा."

"मला वाटायचं, गावातली ती मिसरूड फुटलेली पोरं," मिस्टर गर्नी म्हणाले. "सिगारेटी ओढत बसतात म्हणून. मी एकदा खिडकीतून ओरडलोही होतो."

"'घरी जा, हरामखोरांनो'," टॅम्सिन म्हणाली. "ते तुम्ही होतात?"

मिस्टर गर्नी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. नेलनं त्यांच्या पँटला धरून डब्याची आठवण केली. टॅम्सिनला हसू आवरेना. ते इतकं आवरेना की बाहेरून मिसेस लव्हरिंगनी दार वाजवून विचारलं, हितसंबंधांना काही होतंय का?

पण हरकत त्यांनी मागे घेतली नाही. सिग्नलचा माणूस, एकदा टाकलेला दांडा सहज उचलत नाही. फक्त डिसेंबरच्या सभेत बिस्किटांच्या डब्यात नेलला आवडणारी, मधे जॅम असलेली आली. आणि जानेवारीत रस्त्यावरच्या बर्फावर टाकायच्या मिठाच्या पेट्यांवर चर्चा लांबली, तेव्हा स्वयंपाकघरात नेल मिस्टर गर्नींच्या मांडीवर बसून त्यांच्या खिशातली शिट्टी फुंकत होती, आणि सभा दोनदा थांबवावी लागली.

त्या जानेवारीतच कधीतरी टॅम्सिनला कळायला हवं होतं. पोरगी दोन पायऱ्या एकदम उतरायला लागली होती. खुर्चीवर चढून खुंटीवरचा कोट काढायची. थंडीचे कपडे जाड असतात, म्हणून ती जाड दिसते, असं टॅम्सिन स्वतःला सांगायची. कॅलमनं एकदा तिला उचलून "बापरे, हिचं वासरू झालं की," म्हटलं, तर टॅम्सिन दिवसभर त्याच्याशी धड बोलली नाही.

मार्च आला. जेम मेंढ्यांच्या विणीतून उठून आला होता आणि त्याच्या कोटाला गवत चिकटलं होतं. "विषय सातवा," मिसेस लव्हरिंग थकल्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी घंटीसुद्धा वाजवली नाही. नेल दाराकडे पळाली. टॅम्सिन उठली.

मिस्टर गर्नी उठले नाहीत.

"नियमाचा मुद्दा आहे," ते म्हणाले.

"आता काय बाई?"

"माझी हरकत कायम आहे. मी बाहेर जाणारच आहे. पण सभासद हॉकिनबाईंना बाहेर काढताना आपण खात्री करून घेतली का? हितसंबंध आहे हे गेल्या जूनमध्ये ठरलं. मुलगी गेल्या जूनमधली राहिलीय का?" त्यांनी नेलकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "ती झोक्यात मावत नसेल, तर तिच्या आईचा हितसंबंध कसला?"

मिस्टर पॅसमोरांनी पेन खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. "हे... बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता.

"मावते," टॅम्सिन एकदम म्हणाली. "मावते ती. बारीक आहे हो."

"मग बघूया," मिस्टर गर्नी म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "बघायला काय हरकत आहे, पोरी?"

कपाटातून बैठक निघाली. तिच्याबरोबर दिव्यांची अख्खी माळ निघाली, ती मिसेस लव्हरिंगनी गळ्यात अडकवून घेतली कारण ठेवायला जागा नव्हती. बैठक टेबलावर ठेवली. नेलला ती ओळखू आली की नाही कोण जाणे, पण ती हात वर करून उभी राहिली. टॅम्सिननं तिला उचललं. एक पाय भोकात गेला. दुसरा गुडघ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"बूट काढ," जेम म्हणाला.

बूट काढला. जाड मोजा काढला. नेल जोरात खाली बसली, आणि दुसरा पायही आत गेला, मांडीपर्यंत, घट्ट.

"मावली!" टॅम्सिन म्हणाली. "बघा, मावली!"

"वर घे," नेल म्हणाली, आणि वर येईना. तिनं आजूबाजूला पाहिलं, टेबलावर, पाच मोठ्या माणसांच्या मधे, काळ्या रबरात कमरेपर्यंत रुतलेली, आणि भोकाड पसरलं.

पुढची काही मिनिटं मॅरोफर्डच्या कौन्सिलच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं: सगळ्यांनी एकमतानं काम केलं. मिसेस लव्हरिंगनी बैठक धरली. जेमनं, "कोकरू अडकलं की ओढायचं नाही, फिरवायचं," असं सांगत नेलचा पाय फिरवला. मिस्टर गर्नी स्वयंपाकघरातून भांडी घासायच्या साबणाची बाटली घेऊन आले आणि ती त्यांनी अख्खी ओतली. मिस्टर पॅसमोर गर्नींच्या खिशातली शिट्टी वाजवत होते, कारण तेवढ्यानं ती रडायची थांबत होती. टॅम्सिननं काखेत हात घालून वर खेचलं, आणि नेल पुच्च् करून सुटली, फेसानं माखलेली, नागडे पाय हवेत मारत, आणि आईच्या गळ्यात पडली.

बैठक टेबलावरून घसरून खाली पडली. कोणी उचलली नाही.

टॅम्सिननं पोरीला छातीशी धरलं. किती लांब झाले होते हे पाय. तिच्या कमरेच्याही खाली लोंबत होते. हिला झोक्यात घालून मी खांबाला टेकून झोपायचे, ती ही नव्हती. ती कोणीतरी वेगळीच होती, आणि तिला कोणी निरोपसुद्धा दिला नव्हता.

"अध्यक्षबाई," मिस्टर गर्नी म्हणाले, "सभासदांचा हितसंबंध संपला असावा." ते उठले. टॅम्सिनपुढे हात करून उभे राहिले. "द्या तिला माझ्याकडे. तुम्हाला इथे काम आहे."

नेल त्यांच्याकडे गेली, ओल्या पायांनी त्यांचा कोट खराब करत. दार लागलं.

मिस्टर पॅसमोरांनी डोकी मोजली. मिसेस लव्हरिंग, गळ्यात माळ. जेम, हातोपे कोपरापर्यंत वर. टॅम्सिन. "तीन," ते म्हणाले, आणि त्यांनाच भरून आलं. "पण विचारणं माझं काम आहे. हॉकिनबाई, या विषयात तुमचा आणखी काही हितसंबंध? आत्ता किंवा... पुढे लवकरच?"

"पॅसमोर!" मिसेस लव्हरिंग ओरडल्या.

"नियम आहे, बाई."

"अजून तरी नाही," टॅम्सिन म्हणाली, आणि रडता रडता हसली.

"मग घेते मत. बाळझोक्याला नवी साखळी. बाजूनं कोण?"

मिसेस लव्हरिंगचा हात वर गेला. जेमचा गेला. टॅम्सिनला पोस्टाच्या मागच्या गल्लीतली ती नवी मुलगी आठवली, जिचं नाव तिला अजून माहीत नव्हतं, जी गेले दोन आठवडे मैदानाच्या फाटकाशी बाळाची गाडी लावून, रिकाम्या खांबांकडे बघून परत जायची. तिचं बाळ अगदी एवढंसं. अख्खं वर्ष पुरेल त्याला. दोनही पुरतील.

स्वयंपाकघरातून मिस्टर गर्नींचा आवाज येत होता. ते नेलला विचारत होते की मोठ्या मुलीनं फळीच्या झोक्यावर बसायचं तर दोन्ही हातांनी धरायचं असतं, हे तिला ठाऊक आहे का.

टॅम्सिननं हात वर केला. साबणाचा फेस मनगटावरून बाहीत उतरला.

"मंजूर," मिसेस लव्हरिंग म्हणाल्या आणि माळ काढायला विसरून घंटी वाजवली. "जेम, शिडी आण. विषय आठवा, कुत्र्यांची घाण."